मूल वेगळं आहे असं वाटू लागलं की: तपासणी, थेरपी, शाळा आणि दाखले, कोणत्या क्रमाने

पालक पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा प्रश्न बहुधा शाळेचाच असतो. "कुठल्या शाळेत घालू? घेईल का कोणी?" मी विशेष शिक्षिका आहे, तरी माझं उत्तर त्यांना थोडं निराशच करतं, कारण शाळेचा नंबर चौथा लागतो. आधी कान, मग विकासाची तपासणी, मग थेरपी, तीही घरात उतरलेली. कागदपत्रांचं काम या सगळ्याच्या बरोबरीने चालू ठेवायचं. हा क्रम उलटला की एक तर दाखल्याच्या खेपांत थेरपीचं वर्ष निघून जातं, नाही तर शाळेत प्रवेश मिळतो आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच "याला आमच्याकडे जमणार नाही" असा निरोप येतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या पालकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. गोव्यात किंवा इतर राज्यांत राहणाऱ्यांना केंद्राचे कायदे तेच लागू होतात, कार्यालयांची नावं तेवढी बदलतील.

शंका आली की थांबायचं नाही

"याचा बाबासुद्धा साडेतीन वर्षांनी बोलला." हे वाक्य म्हणणारी एक तरी आजी प्रत्येक घरात असते, आणि कधी कधी तिचं खरंही निघतं. पण तपासून घेतलं आणि काहीच निघालं नाही, तर एक दिवस वाया जातो. न तपासता वाट पाहिली आणि काही निघालं, तर मेंदू सगळ्यांत झपाट्याने शिकतो ती वर्षं वाया जातात. आजीशी वाद घालू नका. तिलाही दवाखान्यात बरोबर न्या, मुलाचं लहानपण तिला तुमच्यापेक्षा नीट आठवत असतं.

कशावर लक्ष ठेवायचं? नऊ-दहा महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नाही. अठरा महिने झाले तरी चालत नाही. वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नाही, टाटा करत नाही, नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. सोळा महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'दूध दे', 'बाबा आला' अशी दोन शब्दांची जोडणी नाही. आणि कोणत्याही वयात, आधी येत असलेलं बोलणं किंवा खेळणं गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

शाळकरी मुलांची लक्षणं वेगळी असतात. तिसरीतली मुलगी तोंडी सगळं धडाधड सांगते, पण वही कोरी. जोडाक्षर आलं की अडते, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल होते, फळ्यावरून उतरवताना वेलांट्या आणि मात्रा गळतात. (ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका यात धरू नका, त्या आपल्या सगळ्यांच्याच होतात.) अशा मुलीला "हुशार आहे, पण आळशी आहे" हे पहिलीपासून ऐकवलं गेलेलं असतं.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. शंका असलेलं मूल पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. पथक येण्याची वाट बघायची गरज नाही, अंगणवाडीताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जाता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. नागपुरात केंद्राचं संयुक्त प्रादेशिक केंद्र आहे, आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र नवी मुंबईत आहे. अशा ठिकाणी फी नाममात्र असते, पण नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नाव लवकर नोंदवून ठेवा.

आधी कान

मूल बोलत नसेल तर आधी ऐकू येतं का हे बघायचं. ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका असो, नाही तर 'नुसताच उशीर' असो, ही पायरी गाळायची नाही. "दार आपटलं की दचकतो की" म्हणून पालक ती गाळतात. दार आपटल्याचा आवाज जाड असतो. 'स', 'श', 'फ' हे बारीक आवाज ऐकू न येणारं मूलसुद्धा दाराला दचकतं, ढोल वाजला की नाचतं, आणि बोलायला मात्र शिकत नाही.

लहान मुलांसाठी 'बेरा' नावाची चाचणी असते. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्रावर बघतात. मुलाने काही करायचं नसतं, फक्त गाढ झोपायचं असतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा, सकाळी लवकर उठवा आणि येताना एसटीत किंवा रिक्षात झोपू देऊ नका. केस धुतलेले, तेल न लावलेले असू द्या, नाही तर इलेक्ट्रोड निसटतात. झोपेचं औषध देणार असतील तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या. एवढं केलं नाही तर अख्खा दिवस जातो आणि पुढची तारीख मिळते.

श्रवणदोष निघाला तर श्रवणयंत्र ताबडतोब, आणि त्याबरोबर ऐकायला शिकवणारी थेरपी. यंत्र लावलं म्हणजे मूल आपोआप बोलू लागतं, असं होत नाही. जन्मतः तीव्र दोष असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राला, केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण ती लहान वयासाठी, साधारण पाच वर्षांच्या आत. म्हणून इथे महिनेसुद्धा मोजावे लागतात.

कानांबरोबर डोळेही तपासून घ्या. जाड चष्मा लागला आणि 'लक्ष न लागणं' निम्मं गेलं, असं होतं.

तपासणीच्या खोलीत

डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन म्हणजे बालविकासतज्ज्ञ डॉक्टर. ते गावात नसतील तर मुलांचे डॉक्टर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी जोडी चालते. जाताना फोनवर छोटे व्हिडिओ काढून न्या: जेवताना, एकटा खेळताना, पाहुणे आल्यावर, रडायला लागल्यावर. नव्या खोलीत मूल एक तर गप्प बसतं नाही तर गोंधळ घालतं. त्या अर्ध्या तासावरून डॉक्टरांना कळत नाही ते व्हिडिओवरून कळतं.

चाचण्यांची नावं ऐकून घाबरू नका. बुद्ध्यंकासाठी आपल्याकडे बिने-कामत ही चाचणी वापरतात. परदेशी चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून कामतांनी ती तयार केली. मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी आणि व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता चाचणीचं भारतीय रूप, ही दोन्ही कामं नागपुरात झाली. ऑटिझमसाठी 'इसा' नावाची भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात ४० बाबी असतात. ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही असं धरतात, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र.

इथे एक आग्रह जरूर धरा: चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी. घरी मालवणी किंवा अहिराणी ऐकणाऱ्या मुलाला इंग्रजी माध्यमाचे प्रश्न विचारून काढलेला आकडा कशाचा, हे सांगणं अवघड आहे.

अहवाल हातात आला की निदानाच्या नावापाशी अडकू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: याला आत्ता काय येतं, पुढच्या सहा महिन्यांत काय शिकवायचं, आणि कोणी शिकवायचं. याची उत्तरं नसतील तर अहवाल कितीही जाडजूड असो, तो अपुरा आहे.

थेरपी: बाहेर दोन तास, घरात बाकीचे

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी, ही बसणं, हात वापरणं, कपडे घालणं, जेवणं आणि आवाज, स्पर्श, झोके यांची अति आवड किंवा अति धास्ती यांच्यावर काम करते. स्पीच थेरपी म्हणजे केवळ उच्चार नव्हेत. मागणं, नाकारणं, विचारणं, वाट पाहणं हे सगळं त्यात येतं, चावणं आणि गिळणंसुद्धा. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं, त्या मुलांना फिजिओथेरपी जन्मभराची सोबत ठरते. विशेष शिक्षक शिकण्याचं बघतात, वाचन-गणितापासून बस कुठली पकडायची इथपर्यंत.

कोणाकडे जाता ते तपासून घ्या. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून चांगला माणूस रागावत नाही. ओटी आणि फिजिओ आरसीआयखाली येत नाहीत, महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्याची वेगळी परिषद आहे. 'ऑटिझम एक्स्पर्ट' अशी नुसती पाटी असेल तर ती कोणत्याच परिषदेने दिलेली नसते.

आता हिशेब बघा. आठवड्याला पाऊण तासाची दोन सत्रं धरली तर दीड तास होतो. मूल आठवड्यात नव्वदएक तास जागं असतं. त्यामुळे थेरपी घरात उतरली नाही तर ती टिकत नाही. चांगला थेरपिस्ट पालकांना दाराबाहेर बसवत नाही, आत बोलावतो. "पालकांनी बाहेर थांबावं" असा नियम कायमचाच असेल तर मी तरी जागा बदलायला सांगेन.

घरात करायचं म्हणजे वेगळा तास लावायचा नाही. कणीक भिजवताना एक गोळा मुलाच्या हातात द्या. दाबणं, लांबवणं, चिमटीने तोडणं ही बोटांची उत्तम कसरत आहे. मटार सोलणं, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, बादलीतून मगने झाडांना पाणी घालणं, सगळं चालतं. बटणं शिकवायची तर शेवटचं बटण मुलाला लावू द्या, वरची सगळी तुम्ही लावा. ते जमलं की शेवटची दोन त्याची. शेवटापासून मागे येत शिकवलं की काम पुरं झाल्याचं समाधान दर वेळी मुलाच्या वाट्याला येतं.

बोलण्यासाठी सगळ्यांत कठीण व्यायाम पालकांना करायचा असतो: गप्प राहायचं. मूल बिस्किटांच्या डब्याकडे बघतं आणि आपण लगेच बिस्किट देतो. मग त्याने मागायचं कशाला? डबा दिसेल असा ठेवा, झाकण घट्ट लावा, त्याच्या हातात द्या आणि मनात दहा अंक मोजा. ते डबा तुमच्याकडे सरकवेल, डोळ्यांत बघेल किंवा 'उं' करेल. त्याची तीच मागणी समजा, "उघड! उघडू?" असं म्हणून झाकण उघडा आणि एकच बिस्किट द्या, म्हणजे पुन्हा मागावं लागेल.

ज्याला पुढे काय होणार हे न कळल्याने त्रास होतो त्याच्यासाठी चित्रांचं वेळापत्रक करा. इंटरनेटवरची परदेशी कार्टून चित्रं नकोत. तुमच्याच घरातल्या गोष्टींचे फोटो काढा: आपली मोरी, आपला डबा, शाळेची रिक्षा, आजीचं घर. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून फ्रिजवर ओळीने लावा, काम झालं की त्याचा फोटो उतरवून खाली पिशवीत टाका. बाहेर जाताना दोनच चित्रं पुरतात, आधी हे, मग ते. आधी केस कापणं, मग बाग. मात्र 'मग'मध्ये सांगितलेली बाग झालीच पाहिजे, पाऊस आला तरी छत्री घेऊन. चित्रं वापरली तर मूल बोलणार नाही ही भीती खोटी आहे. चित्रांमुळे बोलणं अडत नाही, उलट मागण्याची वाट सापडते आणि आरडाओरडा कमी होतो.

भाषेबद्दल एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो: "घरात एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला." पुण्या-मुंबईत तो दिला जातो आणि परदेशातल्या मराठी घरांनाही. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा बोलण्यातला उशीर वाढतो याला संशोधनाचा आधार नाही. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सूचना देणाऱ्या आईपेक्षा मराठीत बडबडगीतं म्हणणारी, रागावणारी, लाड करणारी आई मुलाला जास्त भाषा देते. शिवाय आजोबांशी बोलायचं कोणी?

आणि पैसे उकळणाऱ्या चमत्कारांपासून लांब राहा. ऑटिझमवर स्टेम सेल उपचार म्हणून लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलं, आणि असा उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जाईल असंही सांगितलं. 'सहा महिन्यांत शंभर टक्के बरा' अशी हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दाखला

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण), कर्णबधिरत्व, अंधत्व, स्नायूंचे आजार, बहुविकलांगता वगैरे. डाउन सिंड्रोमचं नाव वेगळं नाही, तिथे दाखला बहुधा बौद्धिक दिव्यांगतेचा मिळतो. नुसत्या एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा यांचा, प्रकार यादीत नाही. त्याबरोबर अध्ययन अक्षमता असेल तर तिचा दाखला निघतो.

अर्ज 'स्वावलंबन कार्ड' पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आधीचे अहवाल जोडायचे, पोचपावती छापून घ्यायची आणि सिव्हिल हॉस्पिटलने किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयाने दिलेल्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरावीक वारीच बसतं, आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर असले तर खेप फुकट जाते. निघण्याआधी फोन करा. मुलासाठी खाऊ, पाणी, आवडतं खेळणं आणि बरोबर आणखी एक मोठं माणूस घ्या: एकाने रांगेत थांबायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन आवारात फिरायचं. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा, अस्सल कागद कोणाकडेही ठेवू नका. पोर्टलवरून मिळणारं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, देशभर चालतं. ते रंगावरून ओळखता येतं: दिव्यांगता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

"दाखला काढला की शिक्का बसतो," असं म्हणून पालक वर्षानुवर्षं टाळतात. कार्ड कपाटात राहतं, कपाळावर लावायचं नसतं. कुठे दाखवायचं हे तुम्ही ठरवता. दहावीच्या वर्षी डिसेंबरात धावपळ करणाऱ्यांत हेच पालक जास्त असतात.

अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारण आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, कारण त्याआधी वाचनातला उशीर आणि अक्षमता वेगळी काढता येत नाही. हा दाखला कायमचा नसतो, त्यावरची मुदत आणि पुन्हा तपासणीचं वय बघून ठेवा. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. रांग मोठी असते, म्हणून पाचवी-सहावीतच सुरुवात केलेली बरी.

सगळ्यांत पोरकी मुलं म्हणजे सीमारेषेवरची. बुद्ध्यंक सत्तर ते पंच्याऐंशीच्या दरम्यान, त्यामुळे ४० टक्क्यांत बसत नाहीत, सवलतीही मिळत नाहीत आणि वर्गाच्या वेगाने जाताही येत नाही. यांच्यासाठी कायद्यात फारसं काही नाही आणि ते मला खटकतं. त्यांना खुल्या शाळेची वाट उपयोगी पडते, तिचं पुढे सांगते.

आता शाळा

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्याच्या ३१ व्या कलमाने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जे तुम्ही निवडाल तिथे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं 'वंचित गटात' आली. त्यामुळे खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही, ४० टक्क्यांचा दाखला लागतो. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही त्याच दुरुस्तीने दिला. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक त्यांच्या घरी जाऊन शिकवतात, त्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात नाव नोंदवा. मात्र जे मूल उचलून का होईना शाळेत जाऊ शकतं, त्याला सोयीसाठी घरी बसवलं जाऊ नये.

सर्वसाधारण शाळा, विशेष शाळा की दोन्हींच्या मधलं काही? हा वाद तत्त्वाचा म्हणून घालण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी बघा: मुलाला गटात बसता येतं का, शी-शू कळवता येतं का, आणि सोपी सूचना ऐकून करता येते का. हे बऱ्यापैकी जमत असेल तर आधी जवळची साधी शाळा. शेजारची मुलं, वाडीतली मैत्री, पायी जाता येणारं अंतर, याची किंमत चकचकीत 'इन्क्लुझिव्ह' माहितीपत्रकापेक्षा जास्त आहे. जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळेत एखाद्या मनापासून शिकवणाऱ्या बाईंकडे मूल जितकं फुलतं, तितकं चाळीस-पन्नासच्या वर्गात, वातानुकूलित असला तरी, फुलेल असं नाही.

शाळा बघायला गेलात की मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून परत येऊ नका. विशेष शिक्षक कायम नेमलेले आहेत का, की आठवड्यातून एकदा येतात ते विचारा. केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा आणि उच्च प्राथमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण अधिसूचित केलं आहे. प्रत्यक्षात फार कमी शाळांत ते दिसतं, पण विचारायचा हक्क तुमचा आहे. मुलींच्या आणि मुलांच्या स्वच्छतागृहात स्वतः डोकावून या. मधल्या सुट्टीत थांबा आणि दिव्यांग मुलं कोणाबरोबर डबा खातात ते बघा. वर्गापेक्षा मधली सुट्टी जास्त खरं सांगते.

शॅडो टीचर, म्हणजे मुलाबरोबर वर्गात बसणारी मदतनीस, काही शाळा पालकांच्या खर्चाने सक्तीची करतात. मदतनीस लागू शकते, पण तिचं काम स्वतःची गरज कमी करत जाणं हे आहे. ती दोन वर्षांनीही मुलाला चिकटून बसलेली असेल तर बाकी मुलं तिच्याशीच बोलतात, मुलाशी नाही.

विशेष शाळा निवडायची तर ती 'शेवटचा उपाय' म्हणून नको, काय शिकवतात ते बघून निवडा. राज्यात त्या बहुतेक स्वयंसेवी संस्थांच्या आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या मान्यतेने चालणाऱ्या आहेत, काही निवासी. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ पासून चालते. तिथे तयार झालेला 'दिशा' अभ्यासक्रम आता राज्यातल्या बौद्धिक दिव्यांगांच्या अनेक विशेष शाळांत वापरला जातो. नाशिकची प्रबोधिनी, पुण्याची कामायनी ही जुनी, जाणती नावं. गोव्यात पर्वरीला संजय विशेष शिक्षण केंद्र आहे. निवासी शाळेचा विचार असेल तर आधी न कळवता दोनदा जाऊन या, एकदा तरी जेवणाच्या वेळी.

प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी मागा, शाळेत त्याला आयईपी म्हणतात. तो कसा लिहिलाय यावरून शाळा कळते. 'एकाग्रता वाढवणे', 'सामाजिक विकास साधणे' असं लिहिलं असेल तर परत पाठवा, कारण हे साधलं की नाही हे कोणालाच कधी कळणार नाही. 'डिसेंबरपर्यंत ओंकार डब्याचं झाकण स्वतः उघडेल, पाचपैकी चार दिवस, मदत न घेता' असं हवं. किंवा 'दहा रुपयांपर्यंतची नाणी ओळखून दुकानात योग्य रक्कम देईल'. एका वेळी तीन-चार उद्दिष्टं पुरेत. दर तीन महिन्यांनी बसून काय झालं ते बघायचं.

शाळेने दिव्यांगतेचं कारण सांगून प्रवेश नाकारला तर तोंडी भांडू नका. अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या, नकारही लेखी मागा. बऱ्याचदा नकार लेखी द्यायची वेळ आली की प्रवेश मिळतो. नाहीच मिळाला तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे किंवा पालिकेचे शिक्षणाधिकारी, आणि शेवटी पुण्यातले राज्य दिव्यांग आयुक्त.

परीक्षा

राज्य मंडळात दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषाविषयांत आणि गणितात पर्याय अशा सवलती आहेत. २०१८ च्या शासन निर्णयाने त्या पहिलीपासून बारावीपर्यंत लागू आहेत. म्हणून दहावीची वाट न बघता पाचवीपासूनच चाचणी परीक्षेत त्या वापरा. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याला सराव लागतो: परिच्छेद कुठे पाडायचा, आकृती कशी सांगायची, वाचून दाखव असं कधी म्हणायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी अनोळखी लेखनिक बसवला तर सवलत असून नसल्यासारखी.

मंडळाचं ओझं झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी, झालेले विषय जमा राहतात. गणित घ्यावंच लागतं असं नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. 'ओपन' म्हणजे कमी दर्जा असं शेजारी म्हणतील. प्रमाणपत्र मात्र पुढच्या प्रवेशांना चालतं.

पैसे आणि अठरावं वर्ष

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेची 'निरामय' योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेत मिळतो. बिलं नोंदणीकृत थेरपिस्टची हवीत आणि नूतनीकरण वेळेत हवं, तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग मुलाच्या पालकाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. एसटीला तिकिटात सवलत आहे. गरजू कुटुंबांनी संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

शेवटचं काम फार दूरचं वाटतं म्हणून राहून जातं. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेत, जमिनीच्या व्यवहारात किंवा वारसा हक्कात तेव्हाच अडतं. वरच्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. मुलाला जे निर्णय स्वतः घेता येतात ते त्याच्याकडेच राहू द्या, पालकत्व फक्त जिथे लागतं तिथे मागा. अर्ज अठरा पूर्ण झाल्यावर करायचा असला तरी दाखल्याचं नूतनीकरण, जन्मदाखला, दोन साक्षीदार आणि भावंडांशी बोलणं हे सतराव्या वर्षीच उरकून घ्या. तुमच्यानंतर कोण, हा प्रश्न भावंडाला गृहीत धरून सोडवू नका, त्याला विचारून सोडवा.